ऐपत

मुक्काम पोस्ट वॉल्सॉल काउंटी कोर्ट,
दालन क्रमांक चार. खिडकी उघडत नाही.
ऑर्मरॉड साहेबांना सर्दी झालीय
आणि माझ्या बॅगेचं एक चाक
बर्मिंगहॅमच्या फलाटावरच निखळलंय.

कागद रात्री सव्वानऊला आले.
एकशे ब्याण्णव पानं. सार असं:
डेस्मंड टकवेल, वय अठ्ठावन्न, शाळेतला रखवालदार,
गोल चौकापाशी थांबलेला असताना
मागून ठोकला गेला.
ठोकणाऱ्याची विमा कंपनी माझी अशील.
चूक कबूल, त्याबद्दल वादच नाही.
नऊशे पौंडांची म्हातारी कोर्सा भंगारात गेली,
आणि फोनवर कुणी गोड आवाजात सांगितलं,
'आत्ता एक पेनीही नको, गाडी दारात आणून देतो.'
एकसष्ट दिवस. रोजचे चौऱ्याहत्तर.
गुणाकार मी रात्रीच करून ठेवलाय.

मानेचं आधीच मिटलं.
आमच्याकडे मानेला सरकारी दर आहे,
किती महिने दुखली त्यावर.
दुसऱ्या मानाचा तक्ता अजून कुणी केलेला नाही.

राहिलं काय, तर नड होती का, दर रास्त का,
एवढे दिवस कशाला,
आणि ऐपत.
बाकी जगात माणूस ऐपत दाखवायला धडपडतो.
इथे ती नाही हे शपथेवर सांगावं लागतं,
बँकेच्या तीन महिन्यांच्या उताऱ्यासकट,
आणि त्या नाहीतलं आहे
मी शोधून काढते.
बारा वर्षं झाली. धंदा बरा चालतो.

पान एकशे सत्तेचाळीस.
मासे-बटाटे, चार पौंड वीस.
वीज. पुन्हा वीज. कुत्र्याचा डॉक्टर.
आणि दर महिन्याच्या तीन तारखेला साठ पौंड
दुसऱ्या एका खात्यात,
ज्याचा जबानीत उल्लेख नाही.
तिथली शिल्लक सोळाशे चाळीस.
हे सापडलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली,
एकटीच, स्वयंपाकघरात.

'मिस्टर टकवेल, या पैशात गाडी आली असती ना?'
'आली असती.'
'मग घेतली का नाहीत?'
'ते मॉरीनच्या दगडाचे आहेत.
कबरीवरच्या.'
साहेबांनी नाक पुसलं.
पुढचा प्रश्न माझ्या वहीत होता,
खाली रेघ मारलेला.
तो मी विचारला.
'पण पैसे तुमचेच होते?'
त्याने बराच वेळ घेतला.
'नावावर माझ्याच,' म्हणाला.

चौदा दिवस, एकतीसच्या दराने.
चारशे चौतीस.
मग खर्च कुणी कुणाचा द्यायचा.
मार्चमध्ये आम्ही याहून जास्त देऊ केलं होतं,
ते पत्र मी जपून ठेवलं होतं, ते काढलं.
त्याची साक्ष अकरा मिनिटं चालली,
खर्चाचा वाद चाळीस.
तो मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन ऐकत होता,
दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय तसा.

बाहेर, जिन्याशी, तो माझ्या बॅगेकडे बघत उभा.
'चाक गेलंय तुमचं. स्टेशनला सोडू?'
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
'अहो, भाड्याची नाही,' तो म्हणाला,
'माझीच आहे.'

मी चालत निघाले, बॅग फरफटत.
चर्चच्या कोपऱ्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं:
कुठल्या पैशातून घेतली,
हा प्रश्न एकशे ब्याण्णव पानांत
कुठेच नव्हता.