आवक-जावक

क्रीडा विभागाच्या कपाटात त्यांची पहिली फाईल सापडली.
विषय: बास्केटबॉलच्या रिंगला जाळी मिळणेबाबत.
शेरा: तरतूद नाही.
खाली सही, आणि सहीच्या खाली पेन्सिलीनं,
फक्त स्वतःसाठी: बघू.

मग म्याकल मॅडम पूर्व भागातून,
भावाच्या लूमवरचं उरलंसुरलं सूत घेऊन आल्या,
चादरीचं, लाल आणि काळं,
आणि शिडीवर चढून स्वतः गाठी मारल्या.
आई दिवसाला हजार विड्या वळायची;
गाठ त्यांना कुणी शिकवावी लागली नाही.
त्या जाळीतून चेंडू पडला की
झटकलेल्या चादरीसारखा आवाज यायचा.
मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा सतरा वर्षांची होते,
आणि तो चेंडू माझा नव्हता. रेणुका बुर्लाचा होता.

सरावाचं वेळापत्रक त्या नळावरून ठरवायच्या.
नीलम नगरला पाणी कधी? बाळ्याला?
चार दिवसांआड येणाऱ्या पाण्याच्या दिवशी
त्या भागातल्या मुलींना सुट्टी,
उरलेल्यांना दुप्पट पळणं.
घागरी उचलणाऱ्या दंडांना वेगळा व्यायाम नको, म्हणायच्या,
आणि हसायच्या नाहीत.

हाफ पॅन्टवरून तीन घरं अडली.
त्या तिन्हीकडे गेल्या, एका घरी तेलुगूत,
एका घरी कानडीत, नदाफांकडे आपल्या त्या दखनीत.
दोन बाप वळले.
तिसऱ्याला म्हणाल्या, बरं, फुल पॅन्टमध्ये खेळेल.
शकीला तीन वर्षं फुल पॅन्टमध्ये खेळली
आणि तिच्याइतके रिबाउंड अजून कुणी घेतलेले नाहीत.
रजिस्टर माझ्याकडेच आहे.

भोपाळला आम्ही बासष्ट गुणांनी हरलो.
रात्री फलाटावर, पेपर अंथरून,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना
त्यांनी एवढंच विचारलं:
शेवटची बास्केट कुणाची?
माझी.
हरलोच होतो, मग पळालीस कशाला?
मला काही सुचलं नाही.
त्यांनी भाकरी कट्‌कन मोडली, मोठा तुकडा मला दिला.

पुढे त्या संचालक झाल्या. शिट्टी ड्रॉवरमध्ये गेली.
प्रवासभत्ता, ट्रॅकसूट, तीन कोटेशनं,
कुस्तीवाल्यांची तक्रार, खो-खोची मॅट.
बैठकीत एक सदस्य म्हणाले,
मुलींचा संघ पाठवून विद्यापीठाला मिळतं काय?
इतिवृत्तात त्यांचं उत्तर नाही.
मी पुष्कळ शोधलं.
पुढच्या ठरावात इतकंच: रक्कम मंजूर.

उन्हाळ्यात केगावचा माळ तव्यासारखा तापतो.
पाच वाजता कोर्टावर मुली उतरायच्या
आणि त्या खिडकीत.
एकदा सहीला गेले तर पेन हवेत धरून
पुटपुटत होत्या: उजवीकडे दे गं, उजवीकडे.
सही वाकडी आली. ते बिल लेखा विभागातून परत आलं.

शेवटच्या वर्षी नायलॉनच्या जाळ्या लागल्या,
त्यांच्याच निविदेतून, सर्वांत कमी दराच्या.
त्या खाली उतरल्या, पदर खोचला,
एक फ्री थ्रो मारला. चुकला.
दुसरा गेला.
कान देऊन उभ्या राहिल्या थोडा वेळ.
टिकेल, म्हणाल्या.

निरोपाला चादर दिली. दुसरं काय देणार सोलापूर?
त्यांनी कड बोटांत चोळून बघितली,
माझ्या कानाशी म्हणाल्या, चार जाळ्या निघाल्या असत्या.

मग साहित्याची मोजदाद.
चेंडू एकतीस, पैकी नऊ पंक्चर. शिडी एक.
ड्रॉवरमधली शिट्टी यादीत नव्हती.
ही खासगी, म्हणाल्या,
आणि पर्समधून पावती काढली,
घडीवर फाटत आलेली. नवी पेठ. बारा रुपये.
बाहेर मुली वॉर्मअप करत होत्या.
त्या कोर्टाच्या कडेनं गेटकडे निघाल्या,
शिट्टी मुठीत.
मी रजिस्टर उघडं ठेवून
वाट बघत होते, वाजवतात का.