एक सोडून एक

वरून कागद आला: नळ्या काढा, एक सोडून एक.
मी शिडी घेतली.
एकोणीस वर्षं याच नळ्या बसवत आलोय,
कुठली चटकन पेटते, कुठली आधी दोनदा डोळे मिचकावते
हे मला नि त्या छताला ठाऊक.
आता उलटं काम. फिरवा, उतरवा, पुठ्ठ्यात गुंडाळा.
तिसरीच्या वर्गापुढची काढताना खालून कुणीतरी विचारलं,
"मिस्टर लाहती, बिघडली का?"
म्हटलं, नाही.
पुढे काय सांगायचं ते कागदात नव्हतं.

त्या हिवाळ्यात लाकडाची गिरणी बंद पडली होती.
बर्फ नेहमीएवढाच, धुराड्यांतून धूर कमी.
गिरणी थंडावली की कर आटतो,
कर आटला की राजधानी हात आखडता घेते,
आणि तो आखडलेला हात
चारशे मैल उत्तरेला, तळ्याच्या काठावर,
माझ्या शिडीपर्यंत पोचतो.

जिममध्ये सभा भरली.
अर्ध्या उजेडात बोर्डाचे सातही चेहरे अर्धेच दिसत होते.
अध्यक्ष म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मागच्या रांगेतून ऐली कोस्केला उठल्या
(ब्याऐंशीच्या आहेत, मला पाढे त्यांनीच शिकवले),
म्हणाल्या, अंथरूण कापलंत तुम्ही.
आणि पाय पोरांचे आहेत, ते वाढायचे थांबणार नाहीत.
टाळ्या पडल्या.
मग मतदान झालं. पाच विरुद्ध दोन.
दोष तरी कुणाला द्यावा,
अध्यक्षांच्या दुकानातून माझे बूट उधारीवर येतात,
त्यांची नात दुसरीत आहे,
आणि हात वर करताना तो थरथरला, ते मी पाहिलं.

संगीताच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडे.
बेरिल सुंडक्विस्ट बाई खोकी गाडीत ठेवताना म्हणाल्या,
"ट्रॉम्बोनना महिन्याला तेल दे, नाहीतर अडकतील."
देतो.
रात्री फरशी पुसून झाली की एकेक काढतो,
सरकती नळी पुढे-मागे करून बघतो.
वाजवता येत नाही, नुसतीच फुंकर घालतो:
धुक्यात वाट चुकलेल्या बोटीसारखा आवाज
रिकाम्या वर्गांतून फिरून परत येतो.

मग शुक्रवारही गेला. आठवडा चार दिवसांचा.
बॉयलर मंद ठेवायचा,
पाइप गोठणार नाहीत एवढीच धग.
पाइपांचा विचार कागदात केलेला होता.

पहिल्याच शुक्रवारी, सव्वासातला, दाराशी कॉर्विन.
चौथीतला. टोपीवर बर्फ.
बस नव्हती म्हणून चालत आलेला, दोन मैल.
"आज शाळा नाही रे."
"माहितीय."
मग बराच वेळ आम्ही दोघंही
बर्फ ढकलणाऱ्या गाडीकडे बघत राहिलो.
शाळेत न्याहारी मिळते. आता सोमवार ते गुरुवार.
हा हिशेब त्याला माझ्या आधी आला होता.

आत घेतला. नियमात बसत नाही.
बॉयलरच्या खोलीत, उलट्या बादलीवर,
माझ्या डब्यातल्या सँडविचचे दोन भाग केले.
"तुम्हाला पुरेल?"
म्हटलं, शुक्रवारी मी अर्धाच पगारावर असतो,
भूकही अर्धीच लागते.
तो हसला नाही. मोठ्या माणसासारखी मान हलवली.

जाताना कॉरिडॉरमध्ये
फक्त काळ्या फरश्यांवर पाय ठेवत गेला,
पांढऱ्या ओलांडत,
काळोखातून उजेडात, पुन्हा काळोखात.
दाराजवळची एक फरशी राखाडी आहे,
मागच्या वर्षी काळी मिळाली नाही म्हणून मीच बसवलेली.
तिथे अडला. मागे वळला.
"ही चालेल का?"
चालेल, म्हटलं.

सोमवारी पोरं यायच्या आत
त्या फरशीच्या वरची नळी परत बसवली.
दोनदा डोळे मिचकावते ना, तीच.
अजून कुणी मोजलेलं नाही.