वीतभर

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी तिकिटांचे दात तपासले.
भिंगाखाली एक छिद्र केसभर सरकलेलं दिसलं
की अख्खा ताव बाद.
श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.
निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि जावयानं त्याची जुनी गोल्फची बॅग दिली.
म्हणाला, पप्पा, आता जरा हात मोकळे सोडा.

सोडले.

एप्रिल. देवळाली कॅम्प. सहाचा सुमार.
गवत वाळून पापड झालेलं,
बहुल्याच्या डोंगरावर अजून ऊन उतरायचं होतं.
पहिल्या टीवर मी ड्रायव्हर उपसला
आणि आयुष्यभराचे सगळे केसभर
एका दमात खांद्यावर घेतले.
कंबर, मनगट, दाढा, सगळं आवळून
असा हाणला
की माझीच टोपी उडाली.

चेंडू गेला.
फार सुंदर गेला.
फक्त तिकडे गेला नाही.

मोजाडमामा काही बोलले नाहीत.
चाळीस वर्षं त्यांनी कर्नल लोकांचे चेंडू शोधलेत,
रागावलेल्या माणसाचा कुठे पडतो
आणि घाबरलेल्याचा कुठे, हे त्यांना पाठ.
बॅग पाठीवर सारून ते बाभळींकडे चालू लागले.
चालता चालता म्हणाले,
'ल्हानपणी बाजरी राखायला माळ्यावर बसायचो, सायेब.
गोफण गरगर फिरवायला काय, कुनीबी फिरवतंय.
दगुड कवा सोडायचा, तेवढंच शिकायचं.'
म्हणजे जोर नको?
'जोर त्याच्यातच असतो की.'
आणि नेम?
'त्यो बी.'

तेवढ्यात रेंजवर तोफ वाजली.
पायाखालची जमीन
झोपेत कूस बदलावी तशी हलली.
मामांनी कान टवकारला, मनाशी काही मोजलं,
म्हणाले, 'त्यांचाबी लांब पडला वाटतं.'

मी हसत होतो, आणि टिटवी अंगावर आली.
किंचाळत, झेपावत, पंख लंगडा केल्याचं सोंग करत.
मामांनी हात आडवा धरला.
खडीत, माझ्या बुटापुढे, चार अंडी.
मातकट, काळ्या शिंतोड्यांची,
टोकं आत वळवून अशी मांडलेली
की भिंग लावूनही मी चूक काढली नसती.
आणि त्यांच्या शेजारी
पांढराशुभ्र, निलाजरा,
पाचवा.

वीतभर अंतर.
एवढं मोठं माप
मी आयुष्यात कधी वापरलं नव्हतं.
उभा राहिलो,
घशात काहीतरी अडकून.

'ऱ्हाऊ द्या,' मामा म्हणाले, 'त्यो आता तिचा.'
आम्ही उलट्या पावली मागे आलो.
त्यांनी खिशातून दुसरा चेंडू काढून टाकला,
सात नंबर हातात दिला,
आणि माझी पांढरी पडलेली बोटं बघून विचारलं,
'प्रेसात कागद कसा धरायचे?'

कसा म्हणजे?
शाई ओली असायची. यंत्र थांबायचं नाही.
सुटू नये इतका,
चुरगळू नये इतकाच.

कुणी शिकवलं नव्हतं. आजवर कुणी विचारलंही नव्हतं.
मी काठी तशी धरली.
मागे नेली, अर्ध्यातच वाटलं आता पुरे,
आणि सोडून दिली.
टक् असा कोरडा आवाज झाला,
पोस्टातला शिक्का नीट बसावा तसा.

झेंड्यापर्यंत पोचला नाही.
निम्म्यात पडला, पण वाटेवर पडला.
मामांनी कार्डावर काहीतरी लिहिलं,
मी बघितलं नाही.

मेमध्ये पिल्लं निघून गेली.
चेंडू तिथंच आहे,
उन्हानं जरा पिवळा पडलाय.
पहिल्या टीवर उभं राहिलं की हात अजून शिवशिवतात.
मी आधी त्या खडीकडे बघतो,
मग झेंड्याकडे.

आणि कधी कधी, मामा पाणी प्यायला वळले की,
तरीही हाणतो.