दोर

हरिपुरात, चिंचांच्या रस्त्याला लागून
दस्तगीर मुलाणींनी पेवाचं तोंड उघडलं,
उरलेल्या पेवांपैकी एक.
माणूस जेमतेम शिरेल एवढं भोक,
आत पंचवीस फूट पोट सुटलेला अंधार,
शेणामातीनं सारवलेला.
"हवा नसते. म्हणून हळदीला कीड नाही,
आणि माणसाला थारा नाही."

मी कुपवाडच्या शेडमध्ये रबरी कड्या घासते.
झाकणाच्या कडेनं केसभरही हवा निसटू नये म्हणून.
कुठली झाकणं? म्हटलं, चंद्रावरच्या घरांची.
ते हसले नाहीत.
"जमिनीवर राहणार का खाली?"
खालीच. वर दिवस भाजतो, रात्र गोठवते,
आभाळातून दगड येतात.
"मग पेवच की."

मग मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं.
बर्फाचं पाणी, पाण्याचा श्वास,
तिथल्याच धुळीच्या विटा,
वापरलेली हवा धुऊन परत देणारी यंत्रं.
ते तंबाखू मळत होते.
लोक म्हणतात, मी म्हटलं, आधी इथलं निस्तरा.
"बरोबरच म्हणतात."

थोड्या वेळानं संगमाकडं हनुवटी केली.
"पाच साली कृष्णा इथवर आली.
पेवं आतून फुगली नि बसली.
कुणाची हळद, नदीनं विचारलं नाही.
ज्यानं चार पोती लांब माळावर ठेवलेली
त्याच्याकडं तेवढी उरली.
नदीवर राग नाही, बाई.
पण सगळं एका पेवात ठेवू नये."

माझी चाळीस पानं होती बॅगेत.
ती मी काढली नाहीत.

कंदील सोडला. दीड पुरुष खाली
ज्योत आखडली,
गेली.
"अजून दोन तास."

चहा आला. बशीत ओतता ओतता म्हणाले,
"तिथं कंदील कोण सोडणार?"
सेन्सर असतो.
"आणि तो विझला तर?"
दुसरा असतो, म्हटलं. तिसराही.
"ते झालं. तोंडाशी कोण बसणार?"

उन्हं चिंचांआड गेली तेव्हा
दुसऱ्यांदा सोडलेला कंदील तळाशी टेकला
आणि जळत राहिला.

दस्तगीरचाचांनी दोर कमरेला बांधला,
दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
"गप्पा मारा, गाणी म्हणा, काय वाटेल ते करा,
हात सैल सोडू नका."
डोकं दिसेनासं झालं.
खालून हळदीचा वास आला,
आणि दोराला एका माणसाचं वजन.