आगाऊ

सीताबर्डीच्या हॉटेलात फुकट जेवायला बोलावलं होतं,
तिथंच पंचवीस वर्षांसाठी सही करून बसलो.
टायवाला झाडे म्हणाला, काका, जेवणाचेही आत्ताच भरा,
आगाऊ भरलं की सुटीत खिशाला हात लागत नाही.
बेबीनंदा माझ्या कानाशी म्हणाली, पोरगाच आगाऊ दिसतो.
मी ऐकलं नाही. छत्तीस वर्षं वीज मंडळात
लोकांचे मीटर वाचले, थकबाकीच्या नोटिसा वाटल्या;
आधीच भरून टाकलेल्या बिलासारखी झोप नाही,
एवढंच मला नोकरीतून कळलेलं.

तर मे महिना. उमरेड रोड. सेहेचाळीस अंश.
मनगटाला निळा पट्टा, पट्ट्यात माणशी सात जेवणं.
नातू ओजस बरोबर चार फुटांच्या काठावर:
पाण्याच्या घसरगुंडीला चार फुटांहून उंच पाहिजे,
जेवणघराच्या दाराशी, अर्ध्या पैशांसाठी, ठेंगणा.
सकाळी त्यानं टाचा उचलल्या,
दुपारी गुडघे वाकवले.
दोन्हीकडे एकच जोकर रंगवलेला, हातात मोजपट्टी घेऊन.
वाकव अजून, असं मीच म्हणत होतो, ओठ न हलवता.

एका जेवणाचे सातशे दहा.
तर्री-पोहे दोनदा, इडली, टरबुजाच्या फोडी,
तो कडक परदेशी पाव, त्यावर लोणी, लोण्यावर जाम,
तरी आकडा तीनशेच्या पुढं सरकेना.
दुपारी पनीरवर जोर लावला.
सावजीचं काउंटर प्लॅनमध्ये नव्हतं.
नागपूरच्या माणसाला नागपुरात सावजी वरचे पैसे देऊन!
वास तेवढा सगळ्यांना सारखा वाटला जात होता.

ती मात्र पाचलाच उठली.
अंधारात उशाशी लायटर चाचपला,
मग आठवलं असावं.
नाश्ता आठला.
तीन तास पलंगाच्या काठावर बसून राहिली,
खोलीतल्या चार टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.
टेबलावर लोकांच्या उष्ट्या ताटल्या एकात एक रचू लागली,
तेव्हा वाढपी पोरगा धावत आला,
काकू, राहू द्या न, आमाले बोलनी बसते.
छातीवर पाटी: उईके. गाव देवलापारकडचं.

शेवटची रात्र. साडेसहालाच लाटा बंद झालेल्या,
बटण दाबून समुद्र थांबवतात तिथं.
ओजस खुर्चीतच झोपला, केसांना क्लोरीनचा वास.
अकराला पट्ट्यातली जेवणं मरणार होती
आणि माझ्या पोटात दुपारचं पनीर अजून जिवंत होतं.
चल, घे काहीतरी, मी म्हणालो, पैसे भरलेत.
बेबीनंदानं अख्ख्या दालनाकडे एकदा पाहिलं,
सत्तावीस झाकणं, प्रत्येकाखाली निळी ज्योत,
आणि उईकेला विचारलं,
काहून रे, तू जेवला का?

बाराले, काकू. मेसमंदी.
काय असते?
काय राहीन... वरन-भात.
तिनं मनगट पुढं केलं.
ह्यात बसते का ते?

त्यानं यंत्र पाहिलं. यंत्रात तसा पदार्थ नव्हता.
मागच्या दारानं गेला, बऱ्याच वेळानं आला,
स्टीलचं ताट, त्याला एका कडेला पोचा,
भाताच्या मुदीवर पातळ वरण, अर्धं लिंबू.
ती सगळं बोटांनी जेवली. तीन दिवसांत पहिल्यांदा
काही न बोलता, काही न आवरता.
शेवटी ताटात पाणी ओतून हात धुतला,
भरल्या जेवणघरात, घरच्यासारखा.

ह्याचे किती धरायचे, ते मला लावता आलं नाही.
पट्ट्यात तिचं एक जेवण शिल्लक राहिलं
आणि अकराला गेलं.

घरी आल्यावर तिनं तो पट्टा विळीवर कापला,
आधी कोथिंबीर की आधी पट्टा, नीट आठवत नाही.
यंदा झाडेचा फोन आला होता, दर वाढायच्या आत भरून टाका म्हणून.
हो म्हणालो की नाही म्हणालो,
ते सोडा.
बाराला मेसमध्ये उईकेसाठी काही उरलं होतं का,
हे मी तेव्हा विचारलं नाही.