खोटी माशी

कोबारिदच्या पोस्टात दोन खिडक्या. एक कायम बंद.
दुसरीत मी.
सोमवारी व्हेंत्सेल म्लेकुझ आला,
टोपीच्या पट्टीत तीन माशा खोचलेल्या,
बदकाच्या पिसांच्या, रेशमी दोऱ्याच्या, कधीच न उडालेल्या.
साठ वर्षं हा माणूस खोट्या माशा बांधतोय
आणि सोचा नदीतले खरे मासे त्यांना भुलतायत.

"अठराशे पन्नास युरो," तो म्हणाला,
"आज. आत्ता. आणि कुणाला बोलू नकोस."
पैसे बिस्किटांच्या डब्यातून आणलेले,
नोटांना दालचिनीचा वास.

कुणाला पाठवायचेत, मी विचारलं.
त्याने कागद सरकवला,
वाचनालयात दहा सेंट देऊन छापून घेतलेला.
अभिनंदन! माद्रिदच्या सोडतीत आठ लाख पंधरा हजार.
फक्त आधी थोडी फी.
फक्त अठ्ठेचाळीस तासांत.
फक्त गुप्तता पाळावी, आपल्याच सुरक्षेसाठी.
इतके 'फक्त' एका पानावर मी कधी पाहिले नव्हते.

"तिकीट कधी काढलंत?"
तो गप्प.
"माद्रिदला कधी गेला होतात?"
"एकदा ट्रिएस्तला गेलो होतो. बूट घ्यायला."
"आठ लाख देणाऱ्यांना
अठराशे त्यातूनच कापून घेता येत नाहीत?"
त्याचे कान लाल झाले.
"तुझ्या आईला मी पोहायला शिकवलं," तो म्हणाला,
"आणि तू मला हिशेब शिकवतेस?"

मी पान पुन्हा वाचलं.
बोट एका ओळीवर अडलं.

आमच्या भाषेत एकासाठी एक क्रियापद, पुष्कळांसाठी एक,
आणि दोघांसाठी, नेमक्या दोघांसाठी, तिसरंच.
आम्ही त्यात लग्न करतो, भांडतो, बटाटे सोलतो.
पत्रात लिहिलं होतं:
तुम्ही दोघं जिंकला आहात.
तुम्ही दोघं आता निश्चिंत व्हा.
कुठल्याशा यंत्राने घाईत उरकलेलं भाषांतर,
एका म्हाताऱ्याला द्विवचन.

"ही बघा चूक!" मी जवळजवळ आनंदानेच म्हणाले,
"इथे सापडला चोर."

त्याने कागदाकडे पाहिलंही नाही.
"ती मला पहिल्या वाचनातच दिसली," तो म्हणाला.
"अल्बिना गेली त्याला चार वर्षं झाली.
तेव्हापासून विजेचं बिलसुद्धा एकवचनात येतं."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
मी नंबर पुकारला नाही.

मग त्याने टोपीतली एक माशी उपसली,
काउंटरवर ठेवली, आपल्या दोघांच्या मधोमध.
"बघ. पाय जास्त आहेत. पंख आखूड.
माशी थोडी चुकलेलीच असते, नेझा, नेहमी.
मासा माशीला फसत नाही.
मासा संध्याकाळीला फसतो.
पोटात जागा असते,
पाण्यावर उजेड उरलेला नसतो,
आणि वरून काहीतरी पडतं
ओळखीच्या आकाराचं."

नोटा त्याने मोजून डब्यात घातल्या. दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा मी मोजल्या.
माशी तो विसरला, किंवा विसरला नाही.

ती आता माझ्या खिडकीच्या चौकटीत टोचलेली आहे,
फसवणुकीबद्दलच्या पोलिसी पत्रकाशेजारी,
जे कुणी वाचत नाही.
तिच्या गळाला उलटा काटा नाही.
तो कानशीने घासून टाकायचा, अशी इथली रीत:
लागलेला मासा हातून सुटू शकला पाहिजे.
माद्रिदवाल्यांकडे कानस नसते.
एकदा अठराशे गेले, की मागोमाग कर येतो, मग वकील, मग विमा,
आणि प्रत्येक ओढीबरोबर गळ आणखी आत.

गुरुवारी तो पाकिटं घ्यायला आला तेव्हा मी विचारलं,
फाडला ना तो कागद?

"चुलीत घातला," तो म्हणाला.
चिल्लर मोजली, टोपी घातली,
दारापर्यंत गेला.
"एक ओळ तेवढी कापून ठेवलीय."