एकोणिसावा ब्रॅकेट

वेर्ण्याच्या वसाहतीत, तिसऱ्या शेडमध्ये
खाऱ्या धुक्याची पेटी आहे.
पस्तीस अंश. पाच टक्के मीठ.
आत टांगलेत स्टुटगार्टच्या गाडीचे
बॅटरीखालचे अठरा ब्रॅकेट.

मीठ जर्मनीहून येतं,
डबाबंद, शुद्धतेच्या दाखल्यासकट.
सुलक्षा डबा उघडते
आणि दर वेळी हसू दाबते.
तिचे बाबा अजून आगरवाड्यात
फळीने मीठ ओढतात,
पण त्यात चिखल आहे, मॅग्नेशियम आहे,
म्हणजे ते नियमात बसत नाही.

युरोपात म्हणे नवं धोरण आलंय,
संशोधनाला पैसा, चीनला गाठायचंय.
इथवर त्यातली एकच ओळ पोचली:
सातशेवीस तासांची चाचणी
चारशेऐंशीत उरका.

"मग गंजालाही घाई करायला सांगितलीय?"
दुमिंगने विचारलं, चहाचे पेले गोळा करता करता.

शनिवारी ती घरी गेली
ती मोजणीबाहेरचा एकोणिसावा ब्रॅकेट घेऊन.
मानशीच्या लाकडाला तारेने बांधला,
भरतीच्या रेघेखाली.
वहीत तारीख घातली.

बाबा बांधावरून म्हणाले,
"हें कितें गो?"
"संशोधन."
"आणि किती दिवस?"

तिने मुदतीचा रकाना
कोराच ठेवला होता.